चार चाकांचा अबोला

माझ्या काकांनी जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केली. स्वतःच्या मनाने बनवलेली वस्तू एकच, आणि ती कुणाच्या काडीच्या उपयोगाची नव्हती. दुकानाच्या दर्शनी काचेमागे ती अजून चालू आहे. चार पितळी दातेरी चाकं शेजारी शेजारी उभी, चारही चाकांच्या माथ्यावरून आडवी गेलेली एक बारीक पोलादी तार, आणि दर मिनिटाला ‘टक्’ असा आवाज होऊन प्रत्येक चाक एक दाता पुढे. प्रत्येक चाकाच्या एकाच दात्यावर तांबडा ठिपका. काटे नाहीत, तबकडी नाही. रस्त्याने जाणारी माणसं थांबून विचारायची, “यात वाजले किती?” काका म्हणायचे, “यात वाजत नाही.” “मग दाखवतं काय हे?” “चार ठिपके तारेखाली एकदम कधी येतात ते.” “कधी येतात?” “साडेबत्तीस वर्षांनी,” काका अगदी मनापासून सांगायचे, आणि विचारणारा हसत पुढे जायचा.

थट्टा नव्हती ती. पहिल्या चाकाला एकोणसाठ दाते, दुसऱ्याला एकसष्ट, तिसऱ्याला सदुसष्ट, चौथ्याला एकाहत्तर. चारही मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कुणाकडूनही भाग जाऊ न देणाऱ्या. त्यामुळे त्यांचं आपसात काही केल्या जमत नाही. चारही ठिपके एकाच मिनिटाला माथ्यावर यायचे, तर या चौघांचा गुणाकार होईल तितकी मिनिटं जावी लागतात. एक कोटी एकाहत्तर लाख वीस हजार चारशे त्रेचाळीस. हा आकडा काका इतका सावकाश उच्चारायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे कुणा जवळच्या माणसाबद्दल बोलताहेत. गल्लीने त्यांचं नाव मिनिटकाका ठेवलं होतं. लग्न त्यांनी केलं नाही. आई म्हणायची, “केलं असतं तर त्या बिचारीला सवत आधीच घरात होती.”

पण आमच्या घरात ते ठिपके नुसते ठिपके नव्हते. माझे बाबा काकांचे सख्खे थोरले भाऊ. दोघं एकाच दुकानात, एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना पाठमोरे बसून काम करत. आणि बाबा काकांशी बोलत नसत. माझ्या जन्माच्या आधीपासून नाही.

झालं होतं असं. हिशोब आणि कल्पना काकांची, पण चाकं कापली बाबांनी. साठ दात्यांचं चाक बाबा झोपेतही कापून देतील. साठाचे दोन भाग होतात, तीन होतात, खुणा पटापट पडतात. एकोणसाठाचं काहीच होत नाही. प्रत्येक दाता नव्याने मोजायचा, नव्याने घासायचा. बाबांनी ते केलं, महिनोन्‌महिने, दुकान बंद झाल्यावर, निव्वळ धाकट्याच्या हट्टापायी. शेवटी यंत्र उभं राहिलं, बाबांनी स्वतःच्या हाताने चार तांबडे ठिपके लावले, चारही तारेखाली आणले आणि चावी दिली. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “दादा, तिसऱ्याचा एक दाता तिरका आहे.”

शाबासकी नाही, काही नाही. बाबांच्या कानशिलाच्या शिरा तट्ट फुगल्या असणार. मी त्या पुढे पुष्कळदा पाहिल्या आहेत. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “हे चार ठिपके पुन्हा एका रेषेत येईपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही.”

आता खरी गंमत ऐका. बाबांना रुसायचं होतं ते जेवणापर्यंत. त्यांनी पाहिलं होतं की प्रत्येक चाक साधारण तासाभरात फिरून येतं. म्हणजे तासाने, फार तर दोन तासांनी ठिपके जुळतील, तोवर धाकटा जरा वरमेल, आणि मग डबा उघडू. तासाभराने ते यंत्रासमोर जाऊन उभे राहिले. पहिला ठिपका आला आणि गेला. दोन मिनिटांनी दुसरा आला. मग सहा मिनिटांनी तिसरा, आणखी चार मिनिटांनी चौथा. चौघं एकामागून एक आले, एकत्र काही येईनात. संध्याकाळपर्यंत ते चार दिशांना पांगले. घरी बाबांनी आईला हळूच विचारायला लावलं, हे जुळणार कधी. काकांनी ताटातला हात न थांबवता आकडा सांगितला, आणि मग वर्षं सांगितली. आई सांगते, बाबांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. पण शब्द गेला होता, तोही चारचौघांत. माझे बाबा मोडतील पण वाकणार नाहीत. या गुणाचं लोकांना कौतुक वाटतं, कारण त्यांना त्या गुणाबरोबर एका घरात राहावं लागत नाही.

अबोला मात्र एकतर्फी होता. काकांनी कसलीच शपथ घेतली नव्हती. ते दिवसभर बोलायचे. “दादा, तो बारीक चिमटा दे.” बाबा वळून चिमटा द्यायचे, तोंडातून हूं की चूं नाही. “दादा, आज हवा जड आहे, सगळे लंबक सुस्तावलेत.” बाबा कानस चालवत राहायचे. बाबांना काही सांगायचं असलं की ते मला सांगत, आणि काका तीन हातांवर बसलेले असताना मी निरोप पोचवायची. “काका, बाबा म्हणतात, जेवायला चला.” “ऐकलं मी,” काका म्हणायचे, “पण तू सांगितलंस ते बरं केलंस.” मी चिडायची. शाळेतून थकून यावं आणि दोन बाप्यांमधला पूल व्हावं, हे काय माझं वय होतं?

तरी त्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. भिंतीभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, कारण दुरुस्तीला आलेल्या घड्याळांना वेळ विचारायची नसते. काचेतून आलेलं ऊन पितळेवर सांडलेलं. मी स्टुलावर पाय हलवत बसलेली, आणि काका मला तो आकडा भागायला देत. तीनाने भाग, साताने भाग, तेराने भाग. मी पाटीवर भागायची आणि दर वेळी बाकी उरायची. अकराने भागलं तर जेमतेम एकाने हुकायचं. एकोणिसाने भागलं तरी पुन्हा एकच कमी. मी रडकुंडीला येऊन म्हणाले होते, “काका, एक मिनिट वाढवा ना, मग जाईल भाग.” काका कितीतरी वेळ हसत होते. मग म्हणाले, “असं बघ, ही एक फार मोठी इमारत आहे. बाहेरून फिरायला लागलीस तर दोनाचं दार नाही, तीनाचं नाही, पाचाचं नाही. भिंतच भिंत. थेट एकोणसाठापर्यंत चालत गेलीस की पहिलं दार लागतं.”

“मग आत काय असतं?”

“आत शांतता असते,” काका म्हणाले. “तिथली मिनिटं एकमेकांसारखी नसतात.”

मला काही कळलं नाही, पण त्या रात्री स्वप्नात मी त्या भिंतीलगत चालत होते. भिंत उबदार होती, आतून बारीक टक्‌टक् येत होती, आणि मला मुळीच घाई नव्हती. पुढे कितीतरी वर्षं झोप येईना झाली की मी तिथेच जायची.

यंत्राचे लहानसहान योगही होते. पहिले दोन ठिपके दर अडीच दिवसांनी जुळत. खरं तर अडीच दिवसांना एक मिनिट कमी असताना. काका म्हणायचे, “एकोणसाठ आणि एकसष्ट हे साठाच्या दोन बाजूंचे शेजारी. त्यांची भेट साठ गुणिले साठच्या एक पाऊल अलीकडे होते.” पहिले तीन ठिपके जुळायला साडेपाच महिने लागत. तो दिवस आमच्या घरात सगळ्यांना न सांगता ठाऊक असे. काका दाढी करून येत. बाबा सकाळपासून उगाच खाकरत, गळा मोकळा करत. तीन ठिपके तारेखाली येत, चौथा कुठेतरी खाली भटकत असे, आणि मिनिट संपे. बाबा पुन्हा कानस उचलत. मला तेव्हा त्या चौथ्या चाकाचा अस्सा राग येई!

आणि यंत्राला रोज सकाळी चावी द्यायचे ते बाबाच. दुकान उघडलं की आधी ते, मग केर. एक दिवस चुकला नाही. तापाने फणफणलेले असतानाही रिक्षाने येऊन चावी देऊन गेले. ज्याला बोलायचंच नाही तो माणूस हे करेल का, हे मला फार उशिरा उमगलं.

मी मोठी झाले, पोस्टात लागले. ठिपके जुळायला आठेक वर्षं उरली होती, आणि आई म्हणायला लागली होती, “एवढी गेली, आता एवढी जातील.” तेवढ्यात काकांचे कान जायला लागले.

घड्याळवाला डोळ्यांइतकाच कानांनी काम करतो. लंबकाचे दोन ठोके सारख्या अंतरावर पडतात का, हे ऐकायचं असतं. एका बाईंचं भिंतीवरचं घड्याळ काकांनी दुरुस्त करून दिलं आणि ते लंगडत होतं. टिक्, मग थांबून टक्. शिकाऊ माणसालाही कळावं असं. काकांना ऐकूच आलं नव्हतं. बाबांनी काही न बोलता बाईंच्या हातून घड्याळ परत घेतलं आणि आपल्या टेबलावर नीट केलं. त्यानंतर मला दिसायला लागलं, काका घड्याळाच्या पेटीला बोटाची पेरं टेकवून ठोका जोखतात. माझं बोलणं ते ओठांवरून ओळखतात. माझा आवाज मुळातच चिरका.

मी त्यांना कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचेच्या खोलीत बसून काका आवाज आला की बटण दाबत होते. जाडे, खर्जातले आवाज त्यांना येत होते. बारीक एकही नाही. बाई म्हणाल्या, “नस सुकत चाललीये. बारीक आवाज गेले, जाडे पण जातील. कानातलं यंत्र लावून बघू, पण फार आशा नका ठेवू. वर्षभर... तेवढंही नाही कदाचित.”

परत येताना काका मजेत होते. “आता ती टक् ऐकू येत नाही,” मला म्हणाले, “पण मिनिट सरलं की आतून कळतं.” मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

माझा हिशोब फार सोपा होता, त्याला पाटी लागत नव्हती. ठिपके जुळायला आठ वर्षं. काकांच्या कानांना एक वर्षही नाही. बाबा शब्दाला जागून एक दिवस तोंड उघडतील, आणि ज्याच्यासाठी उघडतील त्याला काही ऐकू येणार नाही.

त्याच दुपारी मी बाबांना घरी गाठलं. डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मी म्हणाले, “बाबा, पुरे झालं. बोला त्यांच्याशी.”

“शब्द दिलाय.”

“मग फिरवा ती चाकं हाताने! आणा ठिपके वर! तुम्हीच कापलीत ना ती?”

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कुणाच्या तरी ताटाला लाथ मारली. “ती चाकं धाकट्याची आहेत. इतकी वर्षं एक मिनिट खोटं झालेलं नाही त्यात. मी एक दाता जरी पुढे ढकलला ना, त्याचा तो आकडा मोडला. माझ्या तोंडच्या चार शब्दांसाठी त्याचं आयुष्य मोडू?”

“आणि तुमचे चार शब्द हेच त्याचं आयुष्य असलं तर?” हे मी फार मोठ्याने म्हणाले. आईने स्वयंपाकघरातून सांगितलं, “ओरड, ओरड. या दोघांनी माझी हाडं वाळवली, आता तुझीही वाळू देत.” बाबा उठून गेले. बापाला काय बोलू नये ते सगळं त्या दिवशी माझ्या जिभेवर आलं होतं.

मग मी दुकानात काकांकडे गेले. आवाज जमेल तितका घोगरा काढून, त्यांच्या कानाशी, म्हणाले, “काका, तुम्हीच फिरवा चाकं. तुम्ही फिरवलीत तर बाबांचा शब्दही राहील.”

काकांनी मला यंत्रासमोर नेऊन उभं केलं. “तारेखाली बघ. आत्ता काय दिसतं?”

“काही नाही. ठिपका एकही नाही.”

“दाते?”

“चार. प्रत्येक चाकाचा एक.”

यंत्राने टक् केलं. चारही चाकं पुढे सरकली.

“गेले ते चार,” काका म्हणाले. “आता ते चौघं पुन्हा एकत्र उभे राहतील साडेबत्तीस वर्षांनी. आत्ता आलेत ना, हेही तसेच. मगाचे वेगळे, आत्ताचे वेगळे. एवढे कोट्यवधी योग आहेत आणि प्रत्येक एकदाच येतो. लोकांना वाटतं मी एका मिनिटाची वाट बघत बसलोय. मी कुणाची वाट बघत नाही गं. मला रोज दिवसभर तेच दिसतं.” ते थांबले. बोलता बोलता त्यांचा डोळा लागावा तसे ते त्या पितळेकडे बघत होते. “ठिपक्यात काय आहे? ठिपका आपला दादाने लावलाय.”

“पण बाबांचा आवाज?” मी विचारलं. “तो नको तुम्हाला?”

काका पितळेकडेच बघत राहिले. ऐकू आलं नाही असं मला वाटलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. “हवा ना,” म्हणाले. “तो एक हवा.”

संध्याकाळी मी बाबांना निरोप दिला. सवयच होती. काय म्हणाले ते शब्दनशब्द सांगितलं, दात्यांचं, योगांचं, आणि शेवटचंही. ठिपका आपला दादाने लावलाय, हे वाक्य आलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टातून जेवणाच्या सुट्टीत दुकानात आले, तर दारातच थबकले. बाबा यंत्रासमोर उभे. काचेची पेटी उघडी. हातात धारदार पातं, आणि त्यांनी चारही ठिपके खरवडून काढले होते. चाकं कोरी पितळी दिसत होती. शेजारी तबकड्यांचे आकडे रंगवायची तांबड्या रंगाची बाटली, आणि दुसऱ्या हातात तीन केसांचा कुंचला. काका आपल्या टोकाला पाठमोरे, कसल्याशा मनगटी घड्याळात गढलेले. माझ्या चपलांचा आवाज त्यांना आला नाही.

टक् झालं. बाबा झुकले. तारेखाली उभ्या असलेल्या चार दात्यांवर चार ठिपके लावायचे, आणि हातात एक मिनिट. चाकाला बोट लावायचं नाही, थांबवायचं नाही; धाकट्याचं मिनिट धाकट्याचं राहिलं पाहिजे. पहिला ठिपका लागला. दुसरा लागला. बाबांचा हात आता पूर्वीइतका झपाझप चालत नव्हता. तिसऱ्याला त्यांनी श्वास रोखून कुंचला टेकवला. चौथ्याकडे वळले आणि टक्. चाकं निघून गेली.

बाबांनी घाम पुसला. चिंधी रॉकेलमध्ये बुडवली, तिन्ही ठिपके पुसून टाकले. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी दाराची चौकट घट्ट धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, शांतपणे बाबा, तुम्ही आयुष्यात दुसरं काय केलंय.

पुन्हा टक्. या वेळी त्यांनी चौथ्यापासून सुरुवात केली. चौथा. तिसरा. दुसरा, रंग जरा ओघळला, त्यांनी नखाने टिपला. पहिला. कुंचला उचलला आणि ते मागे सरले. तारेखाली चार तांबडे ठिपके, ओले, चकाकणारे, एका रेषेत. मिनिट अजून शिल्लक होतं.

बाबा वळले. तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. मग फुटला; जाडा, खर्जातला, घशात कित्येक वर्षं पडून गंजलेला.

“धाकट्या.”

काका हलले नाहीत. मान तशीच खाली, चिमटा तसाच हातात. उशीर झाला, मनात आलं, सहा महिने आधी का नाही भांडले मी.

बाबा टेबलाच्या कडेकडेने चालत गेले. काकांच्या पाठीमागे उभे राहिले, खांद्यावर हात ठेवला आणि वाकून अगदी कानाशी म्हणाले, “धाकट्या. अरे, मी बोलतोय.”

काकांनी चिमटा खाली ठेवला. वळले तेव्हा त्यांचा सगळा चेहरा भिजलेला होता, हनुवटीपर्यंत. म्हणजे ते मघापासूनच रडत असणार.

“पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं, दादा,” ते म्हणाले. “पुन्हा एकदा ऐकावंसं वाटलं.”